आकडा कोणाच्या वहीतला?

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', दर महिन्याला देशातल्या टेलिफोन ग्राहकांचे आकडे जाहीर करतं. त्यातली दिल्लीची ओळ पाहून नवखा विद्यार्थी हरखून जातो. शंभर माणसांमागे अडीचशेहून जास्त फोन! लगेच प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर वाक्य येतं : 'दिल्लीचा ग्राहक देशात सर्वांत डिजिटल आहे.' खरी गोष्ट मात्र तक्त्याखालच्या बारीक टिपेत असते. दूरसंचाराच्या हिशेबात 'दिल्ली' हे एक सर्कल आहे आणि त्यात गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद इथले फोनही धरलेले असतात. लोकसंख्येचा अंदाज मात्र राज्यवारच मिळतो, म्हणून भागाकाराला फक्त दिल्ली राज्याची माणसं घेतली जातात. अंशात पाच शहरं आणि छेदात एक. एकेकाच्या खिशात दोन सिमकार्डं असतात हे खरंच, पण एवढा फुगवटा निव्वळ सिमकार्डांचा नाही.

दिल्ली आणि आसपासच्या व्यवस्थापन महाविद्यालयांत दर उन्हाळ्यात जे हजारो प्रोजेक्ट लिहिले जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुखपृष्ठावर 'दिल्ली एनसीआरच्या विशेष संदर्भात' हे शब्द असतात. अडचण अशी की एनसीआर, म्हणजे राष्ट्रीय राजधानी प्रदेश, कायद्यात आहे, पण हिशेबाच्या वह्यांत जवळजवळ कुठेच नाही. 1985च्या कायद्याने नियोजन मंडळ स्थापन झालं. आज त्याच्या कक्षेत अख्खी दिल्ली, हरियाणाचे चौदा, उत्तर प्रदेशचे आठ आणि राजस्थानचे दोन जिल्हे येतात, एकूण क्षेत्र सुमारे 55 हजार चौरस किलोमीटर. कर, कारखाने, घरबांधणी, वाहनं यांची नोंद मात्र राज्याराज्याने वेगळी. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहा : दिल्लीचा 07, हरियाणाचा 06, उत्तर प्रदेशचा 09, राजस्थानचा 08. मेट्रोने तीन राज्यं ओलांडणाऱ्या नोकरदाराची खरेदी तीन वह्यांत विखुरलेली असते.

म्हणून 'माहितीच मिळत नाही' ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार मला पटत नाही. माहिती उदंड आहे. ती कोणी, कोणाला आणि कशापायी दिली, हे विचारायची सवय नाही. कायद्याच्या धाकाने दिलेली माहिती आणि हौसेने वाटलेली माहिती यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. या आढाव्यात मी हीच फूटपट्टी लावणार आहे.

कंपनीपासून सुरुवात करू, कारण तिथे धाक सर्वांत जास्त. भारतात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला, मग ती शेअर बाजारात असो वा घरगुती प्रायव्हेट लिमिटेड, दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरावं लागतं. 2006पासून 'एमसीए-21' या यंत्रणेमुळे हे सगळं संगणकावर आलं. कंपनीचा पत्ता, स्थापनेचं वर्ष, भांडवल आणि संचालकांची नावं फुकट दिसतात. भरलेली कागदपत्रं पाहायची तर एका कंपनीमागे शंभर रुपये. ताळेबंद हवा असेल तर एओसी-4 हा फॉर्म शोधायचा, भागधारकांची माहिती हवी असेल तर एमजीटी-7. कॅफेतल्या एका कॉफीपेक्षा कमी पैशांत एखाद्या प्रायव्हेट कंपनीची खरी विक्री आणि खरा नफा कळतो, आणि तरी प्रोजेक्टांमध्ये विकिपीडियाचा दाखला दिसतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं. भागीदारी संस्था आणि एकट्या मालकाचं दुकान यांना मात्र हे बंधन नाही. त्यामुळे चांदणी चौकातली तीन पिढ्यांची पेढी कितीही मोठी असली तरी तिथे सापडणार नाही.

कंपनीच्या एकवीस अक्षरी ओळख क्रमांकातही बरंच काही दडलेलं असतं. झोमॅटोचं उदाहरण घेऊ. कंपनीचं नाव 2025मध्ये 'इटर्नल' झालं, क्रमांक तोच राहिला : एल93030डीएल2010पीएलसी198141. पहिलं 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली. नोंदलेली नसती तर तिथे 'यू' असतं. 'डीएल' म्हणजे दिल्ली, 2010 हे स्थापनेचं वर्ष, 'पीएलसी' म्हणजे पब्लिक लिमिटेड. आता दोन गमती पाहा. कंपनीचं सगळं कामकाज गुरुग्रामहून चालतं, पण नोंदणीकृत पत्ता नेहरू प्लेसचा, म्हणून क्रमांकात दिल्ली. दुसरी गंमत मधल्या पाच आकड्यांची, ते उद्योगाचं वर्गीकरण. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या 2004च्या आवृत्तीत 93 हा विभाग 'इतर सेवा' असा आहे. त्यात कपडे धुणं, केस कापणं आणि अंत्यसंस्कार अशा सेवा येतात. घरोघरी बिर्याणी पोचवणारी कंपनी त्या पंगतीत बसली आहे. 2008च्या आवृत्तीत हाच 93 आकडा खेळ आणि करमणुकीकडे गेला. हा कोड वापरून 'दिल्लीतल्या अन्नवाटप कंपन्या' अशी यादी कोणी काढली, तर तिच्यात काय काय येईल याची कल्पना करावी. कोड कंपनीने जन्माच्या वेळी भरलेला असतो, पुढे धंदा कुठल्या कुठे जातो.

नागपूरच्या वाचकांना हल्दीराम घरचंच वाटतं, दिल्लीकरांनाही तसंच वाटतं, आणि दोघांचंही बरोबर आहे. बिकानेरात उगम असलेल्या या कुटुंबाच्या वेगवेगळ्या शाखांनी वेगवेगळ्या कंपन्या उभ्या केल्या. दिल्लीची हल्दीराम स्नॅक्स, नागपूरची हल्दीराम फूड्स इंटरनॅशनल, आणि कोलकात्याची तिसरी शाखा आणखी निराळी. बाजारात ब्रँड एक, कागदोपत्री कंपन्या अनेक, आणि शेअर बाजारात एकही नाही. 'हल्दीरामची उलाढाल' असा शोध घेणाऱ्याच्या हाती वर्तमानपत्रांतले परस्परांशी न जुळणारे आकडे लागतात, कारण कोणी एका शाखेचा आकडा छापतो तर कोणी दोन शाखांची बेरीज. अशा वेळी भुजियाचं पाकीट हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचावी. उत्पादकाचं कायदेशीर नाव आणि पत्ता तिथे असतो, शेजारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तेच नाव मंत्रालयाच्या यंत्रणेत टाकलं की योग्य ताळेबंद निघतो. पुढची पायरी स्पर्धा आयोगाची. दिल्ली आणि नागपूर या दोन घरांचा पाकीटबंद खाद्यपदार्थांचा धंदा एका नव्या कंपनीत आणायला आयोगाने एप्रिल 2023मध्ये मंजुरी दिली. त्या कंपनीत दिल्लीकडे 56 आणि नागपूरकडे 44 टक्के हिस्सा ठरला. 2025मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने त्यात हिस्सा घेतला. 2022चा आणि 2026चा ताळेबंद शेजारी ठेवून 'वाढ' मोजणाऱ्याने आधी हे वाचलेलं बरं. स्पर्धा आयोगाचे आदेश सार्वजनिक असतात आणि कोणता बाजार कसा आखायचा याची चर्चा त्यांत असते. मार्केटिंगच्या पाठ्यपुस्तकांत मला ती इतकी नेमकी सापडलेली नाही.

पण माझ्या लेखी सगळ्यांत श्रीमंत कागद म्हणजे शेअर विक्रीपूर्वी 'सेबी'कडे दाखल होणारा मसुदा, ज्याला सगळे 'डीआरएचपी' म्हणतात. चार-पाचशे पानं, आणि पूर्ण फुकट. एनसीआरमध्ये याचा सुकाळ आहे. झोमॅटो जुलै 2021मध्ये 76 रुपयांना शेअर विकत बाजारात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोएडाची पेटीएम आणि गुरुग्रामची पॉलिसीबझार आली, मे 2022मध्ये डेल्हिव्हरी, 2023मध्ये मामाअर्थवाली होनासा, 2025मध्ये अर्बन कंपनी आणि लेन्सकार्ट. घरपोच जेवण, प्रसाधनं, चष्मे, माल वाहतूक, घरी येणारा प्लंबर, ज्या त्या धंद्याचा अख्खा नकाशा या मसुद्यांमध्ये मांडलेला आहे. ग्राहक किती, दर ऑर्डरमागे काय सुटतं, कोणत्या शहरात किती विक्री. यात खोटं लिहिलं तर कंपनी कायद्याच्या 34 आणि 35 या कलमांखाली फौजदारी आणि दिवाणी अशी दोन्ही जबाबदारी येते, म्हणून इथे हात आखडता असतो.

तरीही सगळी पानं सारख्या विश्वासाची नाहीत. 'उद्योगाचा आढावा' हे प्रकरण बहुधा बाहेरच्या सल्लागार संस्थेच्या अहवालावर बेतलेलं असतं, आणि तो अहवाल कंपनीनेच पैसे देऊन करवून घेतलेला असतो. मसुद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे त्या प्रकरणात बाजार नेहमीच अफाट असतो आणि कंपनी त्यातल्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात पहिली असते. विद्यार्थी नेमकं हेच प्रकरण उतरवतात. खरं वाचायचं ते 'जोखमीचे घटक'. ते वकिलांनी लिहिलेलं असतं, उद्या कोणी 'आधी सांगितलं नाही' असं म्हणू नये या भीतीने. धंद्याची दुखरी नस तिथे सापडते.

बाजारात न आलेल्या मधल्या फळीतल्या कंपन्यांसाठी, म्हणजे फरिदाबादचा सुटे भाग बनवणारा किंवा मानेसरचा पॅकेजिंगवाला यांच्यासाठी, पतमापन संस्थांची टिपणं पाहावीत. इक्रा, क्रिसिल, केअर वगैरे संस्था बँकेच्या कर्जासाठी कंपनीला दर्जा देतात आणि त्यामागची कारणं काही पानांत फुकट प्रसिद्ध करतात. विक्री किती, एकाच ग्राहकावर किती भिस्त, पैसे किती दिवस अडकतात, हे सगळं त्यात असतं. 'कंपनीने सहकार्य केलं नाही' असा शिक्का असेल तर तीही माहितीच.

आता कंपनीकडून उद्योगाकडे. इथे एकाच गोष्टीचे दोन-तीन आकडे भेटतात आणि विद्यार्थी गांगरतो. मोटारींचं पाहा. मारुतीची पहिली गाडी डिसेंबर 1983मध्ये गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हापासून हा एनसीआरचा मानाचा उद्योग आहे, आणि त्याच्या संघटनांची कार्यालयंही दिल्लीतच आहेत. 'सियाम' ही उत्पादकांची संघटना. तिचा विक्रीचा आकडा म्हणजे कारखान्यातून वितरकाकडे गेलेल्या गाड्या. 'फाडा' ही वितरकांची. तिचा आकडा आरटीओत नोंदलेल्या गाड्यांवरून काढलेला. दिवाळीच्या आधी गोदामं भरली जातात तेव्हा पहिला फुगतो, गाड्या घरी गेल्या की दुसरा. दोन्ही खरे, प्रश्न वेगळे. एकाचा 2023चा आणि दुसऱ्याचा 2024चा आकडा घेऊन वाढीचा दर काढलेले प्रोजेक्ट परीक्षेत पासही होतात, हे आणखी वेगळं दुखणं. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 'वाहन' या फलकावर तर आरटीओवार नोंदी मिळतात. दिल्लीची सगळी कार्यालयं, नोएडाचं यूपी-16, गाझियाबादचं यूपी-14, गुरुग्रामचं एचआर-26, फरिदाबादचं एचआर-51 असं वेचून बेरीज केली की एनसीआरचा खरा आकडा हाताने तयार करता येतो. वेळ जातो, पण असा आकडा दुसऱ्या कोणाच्या अहवालात आयता नसतो.

कारखान्यांसाठी सांख्यिकी मंत्रालयाची वार्षिक औद्योगिक पाहणी आहे. तिचा पाया कारखाना कायद्यातली नोंदणी. मूळ कायद्यानुसार वीज वापरून दहा किंवा विजेवाचून वीस कामगार असतील तरच कारखाना. पूर्व दिल्लीतलं गांधीनगर आशियातल्या सर्वांत मोठ्या तयार कपड्यांच्या बाजारांपैकी एक म्हणून सांगितलं जातं. हा दावा कोणत्या मोजणीवर उभा आहे असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. तिथली सहा-सात यंत्रांची शिलाईची खोली औद्योगिक पाहणीत येत नाही, कंपनी मंत्रालयाकडेही नाही. अशांसाठी सांख्यिकी मंत्रालयाचीच असंघटित उद्यमांची वार्षिक पाहणी आहे. 2023-24च्या पाहणीनुसार देशात असे 7.34 कोटी उद्यम होते आणि त्यांत 12.06 कोटी माणसं काम करत होती. विद्यार्थ्यांनी ही पाहणी वापरलेली मी क्वचितच पाहिली आहे. बहुतेकांच्या मते धंदा म्हणजे ज्याची वेबसाइट आहे तो.

गांधीनगर, सदर बाजार, भगीरथ पॅलेस, काश्मीरी गेट, अशा बाजारांत शेवटी पायीच जावं लागतं. उलाढाल विचारली की दुकानदाराला प्राप्तिकरवाला दिसतो आणि संभाषण संपतं. 'रोज किती थान उतरतात', 'कारागीर दिवसाला किती नग काढतो', 'माल लखनऊकडे जातो की पाटण्याला' असं विचारलं की तोच माणूस चहा मागवून बोलतो. नगाला भावाने गुणायचं काम आपलं.

हौसेने वाटलेल्या माहितीकडे वळताना जरा जपून. फिक्की, सीआयआय, असोचॅम, पीएचडी चेंबर यांचे अहवाल वाचनीय असतात आणि त्यांची ग्रंथालयं दिल्लीत जवळ आहेत, पण या संस्था उद्योगाची बाजू मांडण्यासाठी आहेत. सवलत मागायची असते तेव्हा उद्योग कोट्यवधींना रोजगार देणारा असतो, कर वाढायची चाहूल लागली की तोच नाजूक होतो. वाणिज्य मंत्रालयाने स्थापलेली 'आयबेफ' ही संस्था प्रत्येक क्षेत्राची सुबक माहितीपत्रकं काढते. तिचं कामच परदेशात भारताची जाहिरात करणं आहे, त्यामुळे तिच्या पानांवर कोणताच उद्योग आजारी नसतो. आणि मग ते इंटरनेटवरचे अहवाल : 'अमुक बाजार 2032पर्यंत इतके अब्ज डॉलर, वार्षिक वाढ इतके टक्के'. असे अहवाल तयार करणाऱ्या कंपन्यांचा एक मोठा अड्डा आपल्या पुण्यात आहे. त्यांतले काही मेहनतीने केलेले असतात, पण हजारो डॉलरचा अहवाल विद्यार्थी विकत घेत नाही. तो वाचतो ती फक्त विक्रीसाठी टाकलेली जाहिरात. पद्धत न सांगता दिलेला दशांशातला वाढीचा दर प्रोजेक्टात घालणं म्हणजे जाहिरातीची फुकट पुनर्छपाई. हल्ली हेच आकडे चॅटबॉट सांगतात, तेही पोरके करून. कोणत्या मंत्रालयाकडे काय असतं हे त्यांना विचारावं, आकडा विचारू नये.

विकतच्या भांडारांचं दुःख मोठं आहे. मुंबईच्या 'सीएमआयई'चं 'प्रोवेस' हजारो कंपन्यांचे ताळेबंद एका साच्यात बसवून देतं. नरोत्तम शहांनी 1976मध्ये ही संस्था काढली तेव्हापासून तिच्या आकड्यांवर भारतातलं संशोधन उभं आहे. पण परवाना मोठ्या संस्थांनाच परवडतो. केंद्र सरकारची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना नोव्हेंबर 2024मध्ये सहा हजार कोटींच्या तरतुदीने मंजूर झाली. ती संशोधन नियतकालिकांसाठी आहे आणि सरकारी संस्थांपुरती. ग्रेटर नोएडातल्या खासगी महाविद्यालयांच्या रांगेला तिचा उपयोग नाही, आणि एनसीआरमधले पुष्कळ एमबीए तिथे शिकतात. त्यांना दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या रतन टाटा ग्रंथालयाची किंवा ग्रंथालयांना जोडणाऱ्या 'डेलनेट'ची वाट धरावी लागते. 'डेलनेट'ची सुरुवात 1988मध्ये इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये झाली. त्या सेंटरचे संस्थापक-अध्यक्ष चिंतामणराव देशमुख. इंद्रप्रस्थ इस्टेटमधल्या 'एनसीएईआर' या आर्थिक संशोधन संस्थेच्या 1956च्या पहिल्या नियामक मंडळातही तेच होते. दिल्लीच्या आकड्यांच्या जगात मराठी माणसाचा पाय असा जुना आहे.

एकूण पाहता आकड्यांची देशातली विभागणी मजेशीर आहे. आयात-निर्यातीचे आकडे कोलकात्यातलं कार्यालय गोळा करतं, पैशाचे मुंबईत रिझर्व्ह बँक आणि शेअर बाजार, कायद्याचे आणि परवान्यांचे दिल्लीत. त्यातही दिल्लीकर विद्यार्थ्याच्या अगदी दाराशी असून दुर्लक्षित राहिलेला खजिना संसदेचा. एखाद्या खासदाराने इलेक्ट्रिक बसबद्दल किंवा बंद पडलेल्या लघुउद्योगांबद्दल प्रश्न विचारला की मंत्रालयाला राज्यवार तक्ता द्यावा लागतो, आणि सभागृहाची दिशाभूल केली तर हक्कभंग होतो. ही उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर विषयवार शोधता येतात. स्थायी समित्यांच्या अहवालांत तर उद्योगाचे आणि सरकारचे मतभेद शेजारी-शेजारी वाचायला मिळतात.

नमुना निवडताना मात्र सगळ्यांचेच हात बांधलेले. शेवटची जनगणना 2011ची. तेव्हा नोएडाचा गौतम बुद्ध नगर जिल्हा साडेसोळा लाखांचा होता, आणि आज ग्रेटर नोएडा पश्चिम म्हणून ओळखला जाणारा मनोऱ्यांचा पट्टा बहुतांशी कागदावर होता. पुढची जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाची. तोवर 'प्रातिनिधिक नमुना' असं लिहिणाऱ्याने मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरवलेल्या गुगल फॉर्मला तरी तसं म्हणू नये. घरखर्चासाठी 2023-24ची उपभोग पाहणी ताजी आहे : शहरी भारतात माणशी महिना सरासरी 6,996 रुपये. उत्तर प्रदेशची शहरी सरासरी नोएडाला लावता येत नाही, हे इथवर वाचणाऱ्याला सांगायला नको.

माहिती अधिकाराचा अर्ज हा शेवटचा उपाय. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. उन्हाळी प्रोजेक्ट सहा ते आठ आठवड्यांचा असतो, त्यामुळे अर्ज पहिल्या आठवड्यातच टाकावा लागतो, आणि तोही नेमका : कोणतं कार्यालय, कोणतं वर्ष, कोणता तक्ता. एखाद्या कंपनीच्या व्यापारी गुपितांना हात घातला तर कलम 8(1)(डी) दाखवून नकार येतो. बरेचदा उत्तर एका ओळीचं असतं, की ही माहिती आमच्या संकेतस्थळावर आहे. त्या ओळीखाली पानाचा पत्ता दिलेला असेल तर दहा रुपये वसूल झाले.